चाँदची दहा, कॅलेंडरची दहा

माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागं एकाच खिळ्याला दोन कॅलेंडरं टांगलेली आहेत. एक कालनिर्णय, आणि दुसरं मशिदीबाहेर मिळणारं, ज्यात चाँदच्या तारखा मोठ्या आणि इंग्रजी तारखा कोपऱ्यात बारीक छापलेल्या असतात. 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत तिथं एकच होतं. दुसरं का आलं ते सांगायचं आहे, पण त्याआधी माझ्या कामाविषयी थोडं सांगावं लागेल.

मी मिरजेत घरगुती पार्ट्या घेऊन स्वयंपाकघरातले डबे विकते. ‘पार्टी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकून सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता. वास्तविक त्यात पार्टीसारखं काही नसतं. एखाद्या बाईच्या घरी दहा-पंधरा ओळखीच्या बायका जमतात, चहा होतो, मी चादर पसरून डबे मांडते. झाकणातली हवा कशी काढायची, आलं-लसणाची पेस्ट कशात टिकते, तळलेला कांदा कशात कुरकुरीत राहतो हे करून दाखवते आणि ऑर्डरी लिहून घेते. जिच्या घरी बैठक झाली तिला विक्रीच्या मानानं एखादा डबा भेट मिळतो.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. टपरवेअरचे डबे तिथं दुकानात नीट खपत नव्हते, कारण झाकण लावायची युक्ती गिऱ्हाइकाला कुणी दाखवत नव्हतं. ब्राउनी वाइज नावाच्या, एकटीनं मुलाला वाढवणाऱ्या बाईनं ते डबे बायकांच्या बैठकीत नेऊन खपवून दाखवले, आणि 1951 साली कंपनीनं दुकानं सोडून सगळा भर घरच्या पार्ट्यांवर दिला. 1954 मध्ये ‘बिझनेस वीक’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. तिथं चित्र येणारी ती पहिली स्त्री. चार वर्षांनी कंपनीनं तिलाच काढून टाकलं, हेही सांगून ठेवते. 1996 मध्ये ती कंपनी भारतात आली. मी विकते ते डबे दुसऱ्या कंपनीचे, पण रीत तीच.

या धंद्यात माल कंपनी देते, जागा घरमालकीण देते. आपलं म्हणून जे काही असतं ते म्हणजे तारखांची डायरी. एका पार्टीतून पुढच्या दोन पार्ट्यांच्या तारखा मिळाल्या नाहीत, तर महिन्याभरात धंदा आटतो. म्हणून उठण्याआधी विचारायचं. ‘कधी ठेवायची?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘बघू, सांगते.’ त्याऐवजी ‘मंगळवार जमेल की गुरुवार?’ असं विचारायचं. तारीख पंधरा दिवसांच्या आतली घ्यायची. महिन्यानंतरची तारीख मिळाली तर ती न मिळाल्यासारखीच. आठवड्यात एक दुपार मोकळी ठेवायची, कारण कुणाचं पोर तापानं फणफणतं, कुणाच्या घरी अचानक पाहुणे येतात, मग ती पार्टी सरकवायला जागा हवी. आणि एक पार्टी म्हणजे डायरीत एक तारीख नव्हे, चार. आठवणीचा फोन, बैठक, माल पोचवणं, उरलेले पैसे आणणं.

वेळही बायकांचीच बघावी लागते. जोहरची नमाज आणि जेवणं उरकल्यावर अडीच-तीनला सुरू केलं की असरपर्यंत आटपतं. शाळेची रिक्षा आली की निम्म्या जणी उठतात. नळाला पाणी यायची वेळ प्रत्येक गल्लीत वेगळी, तीही लिहून ठेवावी लागते. जिथं हप्त्याचा पगार येतो तिथं पगारानंतरचे दोन दिवस आणि नोकरदारांच्या घरी महिन्याचा पहिला आठवडा. शुक्रवार मी घेतच नाही.

मी हे काम 2017 च्या अखेरीस सुरू केलं. दुसऱ्या वर्षी रमजानचा पहिला रोजा 17 मे रोजी होता. त्याआधीच्या शाबानमध्ये बायका स्वयंपाकघरं धुऊन-पुसून लावत होत्या, महिन्याभराचा मसाला, खजूर, कबाबाचं सारण ठेवायला डबे हवे होते, आणि मी एका महिन्यात चौदा पार्ट्या घेतल्या. त्या कमाईतून मुलीची वर्षाची फी भरली. मी खूश होऊन डायरी जपून ठेवली आणि तीच बघून पुढची वर्षं आखू लागले. इथंच चुकत गेले. चाँदचं वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 2025 मध्ये पहिला रोजा 2 मार्चला होता. म्हणजे जो शाबान तेव्हा एप्रिल-मेच्या सुट्टीत आला होता तो आता फेब्रुवारीत, मुलांच्या परीक्षांच्या तोंडावर. कालची भरलेली पानं आज कोरी आणि कोरी पानं भरलेली. कंपनीनं वर्षारंभी दिलेल्या डायरीत हे कुठून असणार? तिच्यात दिवाळी असते, नाताळ असतो, ईद एका ओळीत असते.

तरीही रमजान, दोन्ही ईद, मोहरम एवढं मी धरून चालायची. आपल्या घरातल्या जुन्या बायका त्याहून बरंच काही धरून चालतात, हे मी विसरले होते. माझी नानी महिन्यांची अरबी नावं कधी घ्यायचीच नाही. सफर म्हणजे तेरा तेजी, रबीउल आखिर म्हणजे ग्यारवीं, शाबान म्हणजे शबेबारात, आणि दोन ईदांच्या मधला जिल्काद म्हणजे खाली. तेरा तेजीचे पहिले तेरा दिवस तिला जड वाटायचे, खालीत ती निकाह ठरवू द्यायची नाही. याला दीनमध्ये आधार नाही हे अब्बा तिला दरवर्षी सांगायचे, ती दरवर्षी मान हलवायची आणि दरवर्षी तेच करायची. मीही कुणाच्या घरी डबे मांडून यावर वाद घालत नाही. पण धंद्याच्या दृष्टीनं खालीचा महिना सोन्यासारखा. लग्नं नाहीत, दावती नाहीत, बायका मोकळ्या.

हे जिनं मला नव्यानं समजावलं त्या खालाजान आमच्या भागात शिवणकाम करतात. एका पार्टीत भेटल्या आणि निघताना म्हणाल्या, “माझ्याकडं पण ठेवा.” ईदचा महिना सरत आला होता. मी नेहमीसारखे दोन वार पुढं करणार, तोवर त्याच म्हणाल्या, “दहाला या. सगळ्या मोकळ्या असतात.” मी डायरी उघडून 10 जूनवर त्यांचं नाव लिहिलं. शनिवार होता. मी वार बोलून दाखवला असता तर तिथल्या तिथं उलगडा झाला असता. नाही दाखवला. चार जणी एकदम बोलत होत्या, मला रिक्षा गाठायची होती.

मे संपायच्या सुमारास एका दुपारी मी जयसिंगपूरला होते. वीस बायका, डबे सगळे पसरलेले. साडेतीनला फोन वाजला. “बाजी, कां हैं तुमे? औरतां आको बैठे हैं.”

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, तुमची तर दहाला आहे. त्या म्हणाल्या, “आज दहाच आहे.” चाँदची दहा. खालीची दहा. ती बैठक अर्ध्यावर टाकून निघता येत नव्हतं, आणि निघाले असते तरी हातात डबे नव्हते. संध्याकाळी तिथलं आवरून थेट त्यांच्या घरी गेले तेव्हा मगरिबची अजान होत होती. बायका गेल्या होत्या. शेजारून आणलेल्या खुर्च्या एकावर एक रचून दाराशी ठेवलेल्या. समोशांची परात दस्तरखानाखाली झाकलेली, अर्धी भरलेली. मोरीत मुलगी कप धूत होती, तिनं वळून पाहिलं नाही.

ही मुलगी वर्षभरापूर्वी तलाक होऊन माहेरी आली होती. इद्दत संपली तरी ती घराबाहेर फारशी पडत नव्हती आणि मोहल्ल्यातल्या बायका घरात यायच्या त्या चौकशी करायला. मला हे माहीत नव्हतं. खालाजान नमाज पढून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “बाजी, मला डबा नको होता. वाटलं, एकदा तरी बायका डबे बघायला येतील. तिच्याकडं बघायला नाही.”

मी गेले नाही, डबे आले नाहीत, आणि बायकांना बसून दीड तास काढायचा होता. बघायला दुसरं काही नव्हतं. मग कुणीतरी विचारलं, मेहर मिळाली का. दुसरीनं विचारलं, दहेजचं सामान परत आलं का. तिसरीनं एक स्थळ सुचवलं, बीजवर, तीन मुलांचा बाप. मुलगी चहा ओतत होती.

मी माफी मागितली. त्या “असू दे” म्हणाल्या, मला समोसे खायला लावले, आणि ते खाणं मला आयुष्यात सगळ्यात जड गेलं. अब्बा वादाखिलाफी हा शब्द फार कमी वापरायचे, पण वापरायचे तेव्हा घर गप्प व्हायचं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. मला दहा म्हटलं, मी दहा लिहिलं. रिक्षात बसून मी स्वतःला हे तीनदा सांगितलं आणि तीनही वेळा ते खरं असूनही पुरलं नाही.

10 जूनचं नाव मी खोडलं नाही. त्या शनिवारी दुसरी पार्टीही घेतली नाही. डबे न घेता तिथं गेले. खालाजान कपडे पोचवायला गेल्या होत्या, दार मुलीनं उघडलं. काय बोलावं दोघींनाही सुचेना. माझ्या हातातली डायरी तिनं मागितली, उगाचच, आणि चाळत बसली. मग म्हणाली, “बाजी, यात आमच्या तारखाच नाहीत.” भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिनं मांडीवर घेतलं आणि पेन्सिलीनं प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चाँदची तारीख लिहायला लागली. मोहरमपर्यंत लिहून थांबली. पुढच्या तारखा चाँद दिसल्यावर खऱ्या करून घ्या, एका दिवसाचा फरक पडतो, असंही बजावलं. तिचं अक्षर बारीक आणि सरळ आहे. घरी जाताना मी तसंच कॅलेंडर विकत घेतलं.

तेव्हापासून तारीख घेताना मी आधी वार विचारते, मग तारीख, आणि म्हातारी बाई असेल तर महिन्याचं नाव. डायरी पेनानं लिहीत नाही. सहा महिन्यांनी त्या मुलीला मी हिशेबाला मदतीला येतेस का म्हणून विचारलं. आता कंपनीच्या ऑर्डरी तीच मोबाइलवर भरते, आठवणीचे फोन तीच करते, आणि मी एका दिवसात दोन पार्ट्या घेतल्या की मला रागावते. पगार फार देता येत नाही, याची मला लाज वाटते.

खालाजाननी मात्र परत तारीख दिली नाही. दोन वर्षं दर चार-सहा महिन्यांनी विचारायची मी, आणि त्या म्हणायच्या, “बघू, इन्शाअल्लाह.” घरी गेलं की चहा मिळायचा, गप्पा व्हायच्या, तारखेचं नाव काढलं की त्या मशीनचं चाक फिरवायला लागायच्या. मी आग्रह सोडून दिला होता. गेल्या महिन्यात तयार झालेला ब्लाउज आणायला गेले, तर हुक लावता लावता, मान वर न करता त्या म्हणाल्या, “बाराला या मग.”

मी पर्समधून डायरी काढली. “कुठली बारा, खालाजान?”

त्या उत्तर देण्याआधीच आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला, “गुरुवारची, बाजी. लिहून ठेवलीय मी.”