पीक पाहणीच्या सूचना अ‍ॅपच्या आतच द्या

ई-पीक पाहणीचं अ‍ॅप राज्यभर 15 ऑगस्ट 2021 ला सुरू झालं. 2022 च्या खरिपात दुसरी आवृत्ती आली. नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली, गटापासून लांब उभं राहिलात तर अ‍ॅप सांगू लागलं. सोबत ‘मदत’ हे बटण आलं. माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच.

कारण गावात सूचना पोचतात त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या पीडीएफमधून. कुठल्या आवृत्तीची, कधीची, कोण बघतंय? आणि सातबाऱ्यावर कपाशीऐवजी दुसरंच पीक चढलं की हमीभावाच्या नोंदणीपासून नुकसानभरपाईपर्यंत सगळीकडं अडतं.

सूचना अ‍ॅपच्या पोटातच भरून दिल्या, तर अ‍ॅप टाकलं की त्याही मोबाईलमध्ये आल्या. मग घनसावंगीच्या एखाद्या शिवारात रेंज नसली तरी वाचता येतात. मेख अशी, की अ‍ॅप बांधून बाहेर पडलं की आतला मजकूर तिथंच थांबतो. मुदत वाढली (आणि ती वाढतेच!) तरी अपडेट घेईपर्यंत शेतकरी जुनंच वाचणार.

म्हणून दोन भाग करावेत. गट कसा निवडायचा, फोटो कसा काढायचा, हे अ‍ॅपसोबत. मुदती नि नियम रेंज मिळताच आपोआप बदलणारे. प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख ठळक हवी.

तोवर मंडळी, ग्रुपवर पीडीएफ आली तर पुढं ढकलण्याआधी तारीख बघा. नसेल तर तलाठ्यांना विचारा.