थोरला भाऊ

येशूच्या दृष्टांतांपैकी उधळ्या पुत्राचा दृष्टांत सर्वांत अधिक परिचयाचा. वाटणी मागून घेऊन दूर देशी गेलेला आणि सारे उधळून डुकरे राखण्याची वेळ आलेला धाकटा मुलगा घरी परततो. बाप त्याला दुरूनच पाहून धावत सुटतो. चित्रकारांनी आणि प्रवचनकारांनी या भेटीवरच आपली प्रतिभा खर्च केली आहे. माझे मन मात्र लूकच्या शुभवर्तमानातील त्या पंधराव्या अध्यायाच्या शेवटाशी अडते. शेतातून आलेला थोरला मुलगा वाद्यांचा आवाज ऐकतो, गड्याकडे चौकशी करतो आणि आत पाऊल टाकायचे नाकारतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजूत घालतो. पुढे तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेच नाही.

दिलसुखनगरच्या आमच्या शेजारी एक तेलुगू ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यांच्या घरी प्रार्थनेला एकोणिसाव्या शतकातील पुरुषोत्तम चौधरींची कीर्तने गातात. त्या घरच्या आजींनी एकदा मला विचारले, तुमच्या मराठीत येशूची अशी पदे आहेत काय? प्रश्न या वस्तीला शोभणाराच होता. येथल्या साईमंदिरात शिरडीच्या मराठी आरत्या तेलुगू मंडळी तोंडपाठ म्हणतात. भक्तीला भाषेची वेस फारशी अडत नाही.

मी त्यांना फादर स्टीफन्सविषयी सांगितले. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइट पाद्र्याने गोव्यात राहून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. मग रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी सांगितले. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. आजींना हे सारे आवडले. मला स्वतःला मात्र टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचे अधिक सांगायचे होते. ते त्या दिवशी राहून गेले.

कारण त्या घरातला थोरला भाऊ म्हणजे लक्ष्मीबाई. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीने कोणता अपराध केला होता? लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना नातलगांच्या आश्रयाने, काही काळ तर पंढरपुरातच, दिवस काढावे लागले. जवळजवळ पाच वर्षांचा हा वियोग. पुढे त्या पतीजवळ राहू लागल्या तेव्हाही आरंभी सोवळे-ओवळे त्यांनी सांभाळलेच. ते एकेक करून, स्वतःच्या विचाराने गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त टिळकांचा तापटपणा, हातचा पैसा वाटून टाकण्याची खोड, काहीही झाकलेले नाही. पण हिशेब चुकता करण्याचा सूर कुठेही नाही, उलट पानोपानी हसू आहे. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. ज्याने घर सोडले त्याचे काव्य, जिला मागे ठेवले तिने पुढे नेले. येशूने मोकळ्या ठेवलेल्या त्या शेवटाचे याहून चांगले भाष्य मराठीत मला तरी आढळलेले नाही. क्षमा करणे म्हणजे अन्याय झालाच नाही असे म्हणणे नव्हे, हे त्या आत्मचरित्रातून जितके कळते तितके पुष्कळ प्रवचनांतून कळत नाही.

आपणा जुन्या स्थायिक कुटुंबांना या दृष्टांताचा आणखी एक पीळ जाणवेल. आमचे आजोबा निजामाच्या चाकरीसाठी मराठवाड्यातील गाव सोडून हैदराबादेस आले. गावी राहिलेल्या पातीच्या दृष्टीने आम्ही दूर देशी गेलेले धाकटे. नोकऱ्या केल्या, बंगले बांधले आणि वाड्याच्या वाटणीपुरते उगवलो. आमच्या बाजूने पाहिले तर दर दुष्काळात पैसे कोणी पाठवले, मुलींची लग्ने कोणी लावून दिली, याच्या वह्या आमच्याजवळ आहेत. दोन्हीकडचे लोक स्वतःला थोरलाच समजतात. अंगणाबाहेर दोघेही उभे, आणि समजूत घालायला बाहेर येणारा बाप आता हयात नाही.

वाड्यावरील आमचा हिस्सा सोडून देण्याचा कागद गावाहून आला, त्याला दोन वर्षे झाली. सोबतच्या पत्रात चुलतभावाने वहिनीच्या दुखण्याचे लिहिले आहे, पैशांचे काहीच नाही. कागदावर माझ्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. वह्या खालच्या कप्प्यात आहेत; 'स्मृतिचित्रे' मी वरच्या कप्प्यात ठेवतो.