होल्डरला लावून दाखवलेला दिवा

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एलईडीचा दिवा घेतला की दुकानदार तो काउंटरवरच्या होल्डरला लावून दाखवतो. (पुणेकर गिऱ्हाईक दोनदा लावायला सांगतं, तो भाग वेगळा.) मग पेनाने खोक्यावर तारीख टाकतो. दिवा लागल्याने तो आत्ता चालतो एवढंच कळतं. चार महिन्यांनी गेला तर कोणाच्या दारात जायचं, ते ती तारीख ठरवते. मोबाइलची अ‍ॅप्स कंपनीने तपासलेल्या दुकानातूनच घ्यावीत की कुठूनही घेण्याची मुभा असावी, या वादात सगळं बोलणं होल्डरभोवती फिरतं. तारखेचा विषय कोणी काढत नाही.

होल्डर निरुपयोगी आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर वाहतूक दंडाच्या चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते. माणूस ती उघडतो, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप घेऊ का या फोनच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, मग एसएमएस वाचायची परवानगीही देऊन टाकतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी त्याच्याआधी चोराला दिसतो. अशी फाइल दुकानाच्या तपासणीतून सहसा सुटत नाही. प्ले स्टोअरपेक्षा इंटरनेटवरून थेट उतरवलेल्या अ‍ॅप्समध्ये पन्नास पटींहून अधिक घातक प्रकार आढळतात, असं गूगलने २०२५ मध्ये सांगितलं. आकडा दुकानाच्या मालकाचाच आहे, तेव्हा तो जपून घ्यावा. पण रोख बरोबर आहे.

तरीही आतल्या मालाकडे पाहिलं की भरवसा डळमळतो. ‘जोकर’ नावाच्या घातक अ‍ॅप्सचं कुटुंब वर्षानुवर्षं प्ले स्टोअरमध्ये घुसत राहिलं. जानेवारी २०२० पर्यंत गूगलने त्यातली १,७०० अ‍ॅप्स पकडली होती. तपासणीच्या वेळी साळसूद राहायचं आणि खरा कारभार नंतर बाहेरून मागवायचा, ही त्यांची एक रीत. कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत ८१ अ‍ॅप स्टोअर्सवर सुमारे १,१०० कर्ज-अ‍ॅप्स दिसली आणि त्यांतली ६०० बेकायदा होती. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात खुद्द प्ले स्टोअरमधून अडीच हजारांवर अशी अ‍ॅप्स काढली गेली. यांतल्या अनेकांत व्हायरस नव्हताच. त्यांनी रीतसर परवानगी मागून संपर्कयादी आणि फोटो घेतले, आणि हप्ता थकल्यावर नातेवाइकांना गलिच्छ मेसेज पाठवले. तपासणाऱ्याला कोड वाचता येतो, वसुलीवाल्याचा हेतू कसा वाचणार?

शिवाय दार एकाच्याच हातात असलं की ते सुरक्षेखेरीज दुसऱ्या कारणांसाठीही बंद होतं. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून भारत मॅट्रिमनी, नोकरी, शादी अशी अ‍ॅप्स गूगलने काढली आणि सरकारने लक्ष घातल्यावर ती परत आली. त्यांच्यापासून कुणाच्या फोनला धोका नव्हता. आता अँड्रॉइडवर बाहेरून येणाऱ्या अ‍ॅप्सच्या निर्मात्यांनीही आपल्याकडे ओळख नोंदवावी, असं गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं. खुल्या कोडची अ‍ॅप्स २०१० पासून विनामूल्य देणाऱ्या एफ-ड्रॉइडने त्याला हरकत घेतली, ती मला रास्त वाटते.

यावर कोणी म्हणेल, साठीतल्या गृहस्थाने परवानग्या वाचत बसायचं का? नाही, त्याच्यावर ते ओझं नकोच. पण त्यासाठी सगळी वेस बंद करायची गरज नाही. एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन पाहणं आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नावाखाली पडद्यावर ताबा मिळवणं, या मोजक्या परवानग्यांनाच भक्कम कुलूप हवं. ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं अ‍ॅप त्या मागत असेल तर ते बसूच द्यायचं नाही, हा प्रयोग गूगलने २०२४ मध्ये सिंगापुरात आणि मग भारतात सुरू केलाच. भामटे याला वळसा घालतील हे खरं, पण तो वळसा त्यांना महाग पडेल. आणि पंचांगाचं किंवा टिपणवहीचं अ‍ॅप बाहेरून घेणाऱ्याच्या वाटेत कोणी येणार नाही.

तारखेचा प्रश्न मात्र तरीही उरतो. पैसे गेल्यावर माणूस १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करतो, बँकेत खेटे घालतो, पोलिसांत तक्रार देतो. ज्या दुकानाने ते अ‍ॅप तपासून मांडलं होतं, त्याच्या काउंटरवर जायची सोयच नसते.