नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मुलांनो, मराठी भाषेत एक गंमत आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बाळाला नाव देणे. पण 'नावे ठेवणे' म्हणजे दुसऱ्याचे दोष काढणे. फरक फक्त एका मात्रेचा. अर्थात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर! हे अंतर मला नीट समजले ते संगीतामुळे आणि माझ्याच वर्गातील एका मुलामुळे.

गाण्याच्या प्रकारांना नावे कशी पडतात, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? 'खयाल' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. 'कव्वाली' हे नाव 'कौल', म्हणजे वचन, या शब्दावरून आले. अशी नावे ऐकताच मनात आदर निर्माण होतो. पण सर्वांच्याच नशिबी अशी नावे नसतात.

माझा धाकटा भाऊ इंग्रजी रॉक संगीताचा शौकीन आहे. एकदा मी त्याला विचारले, "काय ऐकतोस रे एवढे?"

"भाईजान, याला 'शूगेझ' म्हणतात."

"म्हणजे बुटांकडे टक लावून पाहणे? हे काय गाण्याचे नाव झाले!" मी मोठ्याने हसलो.

मग त्याने मला त्या नावाची हकीकत सांगितली. १९९०च्या आसपास इंग्लंडमध्ये 'राइड', 'स्लोडाइव्ह' असे तरुण वादकांचे संच पुढे आले. ते रंगमंचावर नाचत नसत, प्रेक्षकांशी फारसे बोलत नसत. मान खाली घालून ते गिटार वाजवत. तेथील संगीतविषयक नियतकालिकांनी त्यांची थट्टा केली, की हे तर बूट पाहणारे! पण ते खाली का पाहत होते? त्यांच्या पायांजवळ लहान लहान पेट्या मांडलेल्या असत. त्यांना पेडल म्हणतात. पायाने पेडल दाबले, की गिटारचा आवाज बदलतो. कधी तो घुमतो, कधी खरखरीत होतो, तर कधी धुक्यासारखा पसरतो. योग्य क्षणी योग्य पेडल दाबायचे, तर खाली पाहावेच लागते. त्यांच्यात थोडा लाजाळूपणा असेलही. पण ते आपले काम करीत होते.

भावाने आणखी एक नाव सांगितले. आंबवलेल्या कोबीला जर्मन लोक 'साउअरक्राउट' म्हणतात. त्यावरून इंग्रज लोक महायुद्धाच्या काळात जर्मनांना 'क्राउट' म्हणून हिणवत. पुढे जर्मनीत नव्या धर्तीचे रॉक संगीत तयार झाले, तेव्हा ब्रिटिश पत्रकारांनी त्याला 'क्राउटरॉक' म्हटले. यावर 'फाउस्ट' या जर्मन संचाने काय केले, ठाऊक आहे? १९७३ साली त्यांनी आपल्या एका रचनेलाच 'क्राउटरॉक' हे नाव देऊन टाकले!

भाऊ हसत होता. पण माझे हसू थांबले होते. मला माझा आठवीचा वर्ग आठवला. तेथे एक मुलगा होता. मी मराठी शिकवत असताना तो कधी वर पाहत नसे. एके दिवशी मी सर्वांसमोर म्हणालो, "काय रे, फरशी मोजतोस का?" सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून मुले त्याला 'फरशी' म्हणू लागली. मैदानात फरशी, डबा खाताना फरशी. मी ते ऐकत होतो. पण कोणालाही थांबवले नाही.

दुसऱ्या दिवशी शिकवता शिकवता मी त्याच्या बाकाजवळ गेलो. त्याच्या मांडीवर वही होती. मी उच्चारलेला प्रत्येक नवा मराठी शब्द तो उर्दू लिपीत लिहून घेत होता आणि समोर त्याचा अर्थ लिहीत होता. देवनागरी त्याला अजून भरभर लिहिता येत नव्हती. कितीतरी पाने अशी भरली होती. एका पानावर 'फरशी' हा शब्दही होता. इतर शब्दांप्रमाणेच त्याच्यासमोर अर्थ लिहिला होता : फर्श.

मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. पण टोपणनाव पुसणे हे फळा पुसण्याइतके सोपे नसते. वर्ष संपेपर्यंत ते अधूनमधून माझ्या कानांवर येतच राहिले. फाउस्टच्या वादकांनी थट्टेचे नाव आपलेसे केले. ते मोठे होते, त्यांच्या हातांत वाद्ये होती, सोबत साथीदार होते. तेरा वर्षांच्या त्या एकट्या मुलाजवळ काय होते? फक्त एक वही.

मुलांनो, कोणी मान खाली घालून बसलेला दिसला, तर त्याला नावे ठेवण्याची घाई करू नका. तो खाली काय पाहतो आहे, हे आधी जवळ जाऊन पाहा.