लाटेत बसून निवडलेली कयाक

शांत पाण्यात जी कयाक जराशी डुगडुगते, तीच खवळलेल्या पाण्यात तुम्हाला सांभाळते! हे मला कळलं वेल्समध्ये, अँगलसीच्या पश्चिम टोकाला, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. समुद्री कयाक घ्यायची म्हणून मी लांबी-रुंदीचे, वजनाचे तक्तेच्या तक्ते वाचून काढले होते. पहिली मोठी लाट बुडाखालून सरकली आणि त्या आकड्यांत जीव आला.

सुरुवात पाण्यापासूनच करायला हवी. भरतीचं पाणी आयरिश समुद्रात शिरतं तेव्हा ते अँगलसीला लागून असलेल्या होली आयलंडच्या कडेकडेने उत्तरेला धावतं. पेनरिन माऊर या भूशिराशी खडक पाण्याखाली पुढे गेले आहेत. त्यांच्यावरून जाताना प्रवाह आवळतो, उधाणाच्या दिवसांत पाच नॉटच्या घरात जातो, आणि वारा उलटा असला की लाटा ताठ उभ्या राहून जागच्या जागी फुटू लागतात. मी मालवणची. उधाणाची मोठी आणि भांगाची छोटी भरती मला कुणी शिकवावी लागली नाही. पण आमच्याकडे समुद्र असा उसळला की होड्या वाळूवर ओढून घेतात. इथे तेच पाणी गाठायला माणसं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून रजा टाकतात!

भरवशाची होडी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे उलांडीची, म्हणजे बाजूला आधाराचा ओंडका लावलेली होडी येते. रुंद ती सुरक्षित, हे त्यामुळे मनात पक्कं. पोर्थ डाव्हार्खच्या किनाऱ्यावर आमच्या प्रशिक्षक बाईंनी आधी मला तशीच रुंद, सपाट बुडाची कयाक दिली. आडोशाच्या पाण्यात ती ढिम्म हलेना. मग तीच प्रवाहाच्या कडेला नेली आणि बाजूने लाट आली. सपाट बूड पाण्याला चिकटून राहतं. पाणी आडवं आहे तोवर छान, पाणी तिरकं झालं की होडी तिरकी, आणि तिच्यात बसलेलं माणूसही तिरकं! पाण्यात सोडलेला पाट लाटेबरोबर कलतो, अगदी तसं.

नंतर मिळाली ती ५४ सेंटीमीटर रुंदीची, गोलसर बुडाची. बसल्या क्षणापासून ती कमरेखाली सारखी हलत होती. बाई म्हणाल्या, कंबर सैल सोड, खांदे क्षितिजाला समांतर ठेव. लाट आली, कयाक माझ्या खाली आपल्या आपण वळवळली, धड सरळच राहिलं, आणि लाट पलीकडे निघून गेली. मी आणखी कलून पाहिलं. एका मर्यादेनंतर बाजूचा फुगवटा पाण्यावर टेकतो आणि होडी तिथे ठाम उभी राहते. तो आधार अक्षरशः मांडीला कळतो! पहिल्या पाच मिनिटांतल्या स्थैर्यावरून कयाक पसंत करणाऱ्या प्रत्येकाला त्या कलण्यापर्यंत नेलं पाहिजे, असं मला आता मनापासून वाटतं.

अर्थात हे जमतं ते होडी अंगाला नीट बसली तरच. बैठकीचं तोंड पुढे लांबट असावं, म्हणजे गुडघे वर घेऊन चटकन बाहेर पडता येतं आणि मांड्या वरच्या आधारांखाली घट्ट अडकवताही येतात. नितंबांच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट राहिली तरी कमरेची हालचाल होडीपर्यंत उशिरा पोचते. ती फट फोमच्या तुकड्यांनी भरायची. पायाचा आधार असा लावायचा की चवडे टेकले की गुडघे आपसूक वर दाबले जातात. या छोट्या जुळवाजुळवीत मी जो वेळ घालवला तो सगळा लाटेत वसूल झाला.

लांबीचं गणितही पाणीच सांगतं. लांब होडी सरळ आणि वेगाने जाते, पण अशा प्रवाहात लाटांमधलं अंतर कमी असतं. अठरा फुटी होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पुढच्या लाटेत घुसते. सोळा फुटांच्या आसपासची, दोन्ही टोकांना बूड वर उचललेली कयाक दोन लाटांच्या मधे बसते आणि कडेवर कलवली की तिथल्या तिथे वळते. नाळेत पुरेसा फुगवटा हवा, म्हणजे ती बुडाली तरी लगेच वर येते. महिनाभराचं सामान घेऊन जायची कयाक दिवसाच्या फेरीला रिकामी नेली तर ती पाण्याबाहेर उंच राहते आणि वारा तिला ढकलत सुटतो. स्वप्नातल्या मोहिमेसाठी होडी घेऊ नये. ज्या पाण्यात नेहमी जायचंय, त्यासाठी घ्यावी.

आणि स्केग! मला सगळ्यात वेड लावलं ते मागच्या बुडातून खाली उतरणाऱ्या या छोट्या पात्याने. कयाक पुढे जात असते तेव्हा नाळ पाण्यात घट्ट धरलेली असते आणि मागचं टोक सैल. बाजूचा वारा त्या सैल टोकाला ढकलतो, म्हणून होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते. बैठकीजवळची खिट्टी सरकवून पातं थोडं खाली सोडलं की मागचं टोक धरलं जातं. अर्धं सोडलं तर वारा बाजूला ठेवून सरळ जाता येतं, पूर्ण सोडलं तर होडी वाऱ्याबरोबर पळते. एक खिट्टी, आणि सगळी दिशा बोटांत! मात्र घेण्याआधी ती वर-खाली करून पाहावी. गोट्यांच्या किनाऱ्यावरून निघताना पात्याच्या खाचेत खडा अडकतो. पात्याला भोक पाडून छोटी दोरी बांधलेली असली तर सोबत्याला ते पाण्यातच खेचून मोकळं करता येतं.

होडीच्या पोटातल्या आडव्या भिंतीही हात घालून पाहाव्यात. मागची भिंत बैठकीला अगदी लागून हवी. उलटलेल्या कयाकची नाळ सोबत्याने आपल्या होडीवर उचलून घेतली की पाणी घळाघळा बाहेर पडतं आणि दोन्ही टोकांचे कप्पे कोरडेच राहतात. मी ते जवळून पाहिलं, थक्क झाले. कडेने धरायला सलग दोरी हवीच हवी. प्लास्टिक की फायबरग्लास, हा वाद मला फारसा मोठा वाटत नाही. खडकांत खेळायचं असेल तर प्लास्टिक घ्यावं.

या आकारांमागचा इतिहास कळला तेव्हा तर मी रात्रभर वाचत बसले. ग्लासगो विद्यापीठाचा केन टेलर १९५९ साली ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या कारागिराने बांधलेली कयाक घेऊन आला. तिच्या मापांवरून पुढे ॲनस ॲक्युटा ही ब्रिटिश कयाक जन्मली. फ्रँक गुडमनने १९७५ साली नॉर्वेच्या मोहिमेसाठी नॉर्डकॅप ही कयाक घडवली आणि १९७७ मध्ये स्वतः केप हॉर्न गाठलं. सील मारायला ग्रीनलंडच्या बर्फाळ समुद्रात जाणाऱ्या माणसांचं शहाणपण आज माझ्या कमरेखाली हलतंय, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

मी शेवटी घेतली ती रोमनी. सोळा फुटांची, वापरलेली, पिवळीधमक. नायजेल डेनिस आणि ॲलेड विल्यम्स यांनी ती याच अँगलसीच्या पाण्यासाठी घडवली. फोम कापून झाला, पायाचे आधार जागेवर बसले, स्केगला दोरी बांधली. आता ॲनस ॲक्युटात बसून पाहायचंय. तिला बाजूंना धारदार कडा आहेत, आणि त्या कडांवर लाटेचा उतार कसा कापता येतो हे रोसनायगर किनाऱ्याच्या फुटत्या लाटांत बघायचं, असं बाईंशी बोलून ठेवलंय.