चार वर्षांच्या पोराला कसला व्यवसाय?

'व्यवसायोपचार' हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा आत्या म्हणाल्या, "चार वर्षांच्या पोराला कसला धंदा शिकवता?" शब्दच फसवा आहे. बोलताना सगळे ओटीच म्हणतात. इथे व्यवसाय म्हणजे रोजची कामे. लहान मुलाचा व्यवसाय जेवणे, अंघोळ, कपडे घालणे, खेळणे एवढाच. भारतात या उपचाराचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले.

आमच्या धाकट्याला ऑटिझम आहे. मिक्सर लागला की तो कान दाबून किंचाळायचा. शर्टाच्या कॉलरमागचे लेबल त्याला काट्यासारखे टोचायचे. केस कापायला दोघांनी धरावे लागे. वस्तीत कुणी म्हणाले लाडावलाय, कुणी बाबाचा पत्ता दिला. आम्ही बाबाकडे न जाता बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

आता आठवड्यातून दोनदा बदलापूरहून लोकलने उल्हासनगरला जातो. अंबरनाथला गर्दी चढली की त्याला खिडकीकडे वळवून घट्ट धरतो. तो दाब त्याला आवडतो. थेरपीच्या खोलीत झोपाळा, मोठा चेंडू, तांदळाच्या डब्यात लपवलेली खेळणी. पाहणाऱ्याला वाटेल, पैसे देऊन पोराला झोके देतात! यामागे जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टबाईंचा विचार आहे. डोळे-कानांबरोबर तोलाची आणि स्नायू-सांध्यांची जाणीवही मेंदूला जुळवावी लागते, ती जुळली नाही तर साधी कामे अडतात, असे त्यांनी मांडले. १९७२ साली त्यावर त्यांचे पुस्तक आले.

मात्र याने ऑटिझम जात नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली म्हटले, की या संवेदी उपचारावरचे संशोधन अपुरे आहे, हे पालकांना सांगावे. 'बरा करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका सत्राची फी म्हणजे आमची दिवसाची रोजी. म्हणून मॅडमशी बोलून तीन महिन्यांसाठी तीनच गोष्टी ठरवल्या: बनियन स्वतः घालणे, मिक्सरचा आवाज सोसणे, केस कापून घेणे. रोजचा सराव घरीच. मिक्सर लावण्याआधी आम्ही त्याला सांगतो, बटण त्यालाच दाबायला देतो. आता तो हसतो. बनियन उलटे का होईना, स्वतः घालतो.

२०१६ च्या कायद्यात ऑटिझम हे अपंगत्व म्हणून नोंदलेले आहे. प्रमाणपत्र काढले की राष्ट्रीय न्यासाच्या निरामया योजनेत नाव घालता येते. वर्षाला एक लाखापर्यंत विमा आहे. थेरपीसाठी त्यात वेगळी मर्यादा असते. कागदपत्रांना हेलपाटे पडतात, पण काढावेच.

यंदा १४ एप्रिलच्या मिरवणुकीआधी मंडळाच्या पोरांना आम्ही विनंती केली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी आवाज कमी केला. धाकटा मामाच्या खांद्यावर बसून, कान झाकून, निळे झेंडे पाहत राहिला.

केसांचे अजून जमलेले नाही. न्हावीमामा रविवारी घरी येतात, मशीन न लावता कात्रीने जेवढे होतील तेवढे कापतात. सध्या डावी बाजू झाली आहे, उजवी पुढच्या रविवारी.