चिकाचा डाग

मागच्या महिन्यात जळगावातच एका नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले होते. चौरंगाच्या चारही कोपऱ्यांना केळीचे खुंट, हिरवेगार, तजेलदार. सवयीनं पानाला हात लावला, तर बोटांना प्लास्टिक लागलं. "धुऊन ठेवले की दरवर्षी चालतात," यजमानीण कौतुकानं म्हणाली. ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे सत्यनारायण प्लास्टिकच्या सावलीत बसला होता. मी मुकाट्यानं शिरा खाल्ला. शिऱ्यात केळं मात्र खरं होतं.

त्या खुंटांना वास नव्हता. नसलेल्या वासानं मला वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, रावेरच्या केळीबागेत न्यायला हवं होतं, पण त्यानं नेलं थेट बँकॉकला.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात आम्ही काही निवृत्त शिक्षिका थायलंडला गेलो होतो. बॅगांमध्ये बिबडे, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. "म्हणजे आपली सुवर्णनगरी, जळगावच की," एकीनं लगेच आपलंसं करून टाकलं. तिथे समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. एकीकडे देव, दुसरीकडे दैत्य, मधे ताणलेला वासुकी. त्याच्या पुढ्यात आम्ही आमच्या बॅगा मोजत उभ्या.

राजवाडा बघितला. १७८२ साली पहिल्या रामानं राजधानी नदीच्या या काठाला आणली, तेव्हापासूनचा. तिथल्या राजांना रामच म्हणतात, पहिला, दुसरा, असे. शेजारच्या पाचूबुद्धाच्या देवळाच्या ओवऱ्यांत त्यांच्या रामायणाची, म्हणजे रामकियनची, १७८ भित्तिचित्रं आहेत. त्यातला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाच्या मत्स्यकन्येशीच त्याचं जुळतं. आमच्यातली एक दर शनिवारी मारुतीला तेल घालणारी. ती त्या चित्राकडे पाठ करून उभी राहिली, ती गाइड पुढे सरकेपर्यंत. बुद्धाची मूर्ती मात्र सगळ्यांना आवडली. हातभराहून थोडी मोठी, हिरव्या दगडाची, आणि तिला उन्हाळ्या-पावसाळ्या-हिवाळ्याचे तीन सोन्याचे पोशाख. राजा स्वतः येऊन ते बदलतो. हिरवी म्हणजे कशी, तर नुकत्या उलगडणाऱ्या केळीच्या सुरळीसारखी. मला तरी तसंच दिसलं.

रावेरच्या बागेतलीच गोष्ट. मी सातवीत असेन. जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी वादळ झालं, फार तर पाऊण तास. सकाळी आप्पांच्या मागोमाग बागेत गेले. कापणीला आलेले घड जमिनीला टेकलेले. बाग अशी आडवी, की पलीकडच्या बांधावरचं निंबाचं झाड मला पहिल्यांदाच तिथून दिसलं. आप्पा काही बोलले नाहीत. विळा काढला आणि पडलेल्या केळींची पानं कापायला लागले. भारा डोक्यावर घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "आज पानावर जेवू. गल्लीतल्यांना सांग." वरणबट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. वर्षाचं पीक गेलं त्या दिवशी आमच्या दारात पंगत बसली. आई रडत वाढत होती.

आप्पांनी तसं का केलं, हे मी कधी विचारलं नाही.

बँकॉकनंतर अयुथ्या पाहिलं. अयोध्येवरून नाव घेतलेलं हे गाव तीन नद्यांच्या वेढ्यातलं बेट आहे. १३५० सालचं शहर, १७६७ मध्ये ब्रह्मी फौजांनी जाळलं. माना उडवलेले बुद्ध रांगेनं बसलेले. एका बुद्धाचं नुसतं डोकं झाडाच्या मुळांनी धरून ठेवलंय. सगळ्या फोटो काढत होत्या. पट्टायासमोरच्या कोरल बेटाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. समुद्र निळा होता आणि लाट लागून माझी चप्पल गेली.

गाइड मुलगी मोठी बोलकी. त्यांच्याकडे एखादं काम अगदी सोपं असलं, की 'क्लुआय क्लुआय' म्हणतात. क्लुआय म्हणजे केळं. हे आप्पांना ऐकवायला हवं होतं! थंडीत करपा, उन्हाळ्यात गरम वारा, आणि माल तयार झाला की बोर्डावरचा भाव एक नि बांधावरचा दुसरा. घडाला डाग दाखवून भाव पाडणाऱ्या एका व्यापाऱ्याचं तोंड मला अजून आठवतं. तो वारला तेव्हाही मला वाईट वाटलं नाही.

रानकेळीचं मूळ मात्र तिकडचंच, त्या पूर्वेच्या मुलखातलं. न्यू गिनीतल्या कुक नावाच्या दलदलीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीलागवडीच्या खुणा सापडल्यात. आमची बसराई काय आणि आताची ग्रँड नैन काय, दोन्ही जाती बियांवाचूनच्या. पिल खोदायचं, लावायचं. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. म्हणजे माहेरी आलो ते आम्ही नाही, केळच.

शेवटच्या रात्री पौर्णिमा होती. आपल्याकडे त्रिपुरी, त्यांच्याकडे लोय क्राथोंग. नदीकाठी बायका केळीच्या खोडाच्या चकत्या कापत बसल्या होत्या. चकतीभोवती पानाच्या घड्या टाचायच्या, वर झेंडू, उदबत्ती, मेणबत्ती. ते नदीत सोडायचं आणि वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं म्हणून मे खोंगखाची माफी मागायची. मे म्हणजे आई. खोंगखा म्हणजे आपली गंगाच. विळीसारख्या पात्यानं खोड चिरलं, आणि तो वास आला. ओला, तुरट, जरा मातकट. मी वाकले, चकती दोन्ही हातांनी उचलली. दिवा हलत हलत गेला. हजारोंत कुठला माझा, ते कळेना.

त्या पंगतीच्या दिवशी आप्पाही कदाचित माफीच मागत होते. कोणाची, ते मला त्या काठावरही नीट सांगता आलं नसतं.

केळीच्या चिकाचा डाग जात नाही. आप्पांच्या एकाही सदऱ्याचा गेला नाही. आई साबण, लिंबू, रॉकेल, सगळं करून थकायची आणि शेवटी त्याच सदऱ्याचं फडकं करायची. घरी आल्यावर बॅग उपसताना तिनं माझी ओढणी उचलली. काठावर चार बोटं काळपट डाग. आईला आता सगळं आठवत नाही. बाग विकून अकरा वर्षं झाली, हेही नाही. पण डाग तिनं ओळखला. तिच्या बोलीत ळ नाहीच.

"केयीत गेलती का वं?"

मी हो म्हटलं.

"भाव काय लागला?"

दिवा पन्नास बाहतला घेतला होता. "बरा लागला," म्हणाले.

तिनं ओढणी धुवायला टाकली नाही. घडी घालून परत बॅगेत ठेवली.